पाण्यात कालवलेलं दूध

३ नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट आला. गाठ दुधाची नाही. जिचं नाव घरात कोणी घेत नव्हतं तीच निघाली. नागपूरच्या डॉक्टरबाईनं मात्र नाव घेतलं, सरळ माझ्याकडं पाहून. परीचे पप्पा टेबलावरच्या पेनाकडं पाहत बसले. मी म्हटलं, बरं. काय बरं, ते माझं मलेच नाही समजलं.

पहिली सुई सतरा तारखेले. सुई म्हणजे केमो, सलाईनमधून देतात. मंग दर तीन हप्त्यांनी एक. औषध दुधात उतरते म्हणून त्याच्या आधी परीचं अंगावरचं पिणं पूर्ण बंद पाहिजे. एकदा सुई लागली का एक थेंबबी नाही पाजायचा.

आणि तिनं नाही सोडलं तं, मी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाली, दोन आठवडे आहेत, डब्याचं दूध घ्यायला शिकवा. जसे काही पाढेच शिकवायचे आहेत पोरीले.

पाचवा महिना लागला तिले. आजपर्यंत माझ्याशिवाय दुसरा थेंब तिच्या तोंडात गेला नाही. येताना बसमध्ये सावनेरपर्यंत पीत आली. डावीकडून तपासायले तुकडा काढला तेव्हापासून उजवीवरच चालून राहिलं.

दुनियेच्या बायकांचे ब्लाउज शिवते मी. आपलं ब्लाउज डावीकडून घट्ट झालं तं शिलाई उसवून ढिलं केलं आणि पुढच्या कामाले लागली. सगळे म्हणे दूध गाठलं, शेक घे. घेतला शेक.

४ नोव्हेंबर

यांनी सौंसरहून पावडरचा डबा आणला, बाटलीबी आणली. डब्यावर मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजी आणि हिंदी. मी वाचलं. पाणी उकळा, कोमट होऊ द्या, आतल्या चमच्यानं सपाट माप घ्या. डॉक्टरबाईनंबी हेच सांगितलं होतं.

परीनं बाटलीचं निपल तोंडात घेतलं, एकदा चोखलं आणि सगळं माझ्या अंगावर उडवलं. मंग माझ्याकडं पाहिलं. दुकानदारानं खोटा माल दिला का आपण पाहतो ना, तसं.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. सासू आहेत माझ्या, पण मी परकी आहे असं कधी वाटू नाही दिलं, तेवढं खरं लिहिलं पाहिजे. म्हणाल्या, "लेकराले पाणी पाजून राहिली का वं?" मी म्हटलं, दूधच आहे, पाण्यात कालवायचं असते. त्यांनी बाटली उजेडाकडं धरून पाहिली. म्हशीकडं निघून गेल्या.

त्यांचंबी बरोबर आहे म्हणा. अख्ख्या रामाकोन्यात आमच्या घरच्या दुधाचं नाव आहे. चहातबी पाणी पडत नाही इथं. पाहुणा आला आणि पातळ चहा दिला तं आत्याबाईले रात्रभर झोप येणार नाही.

६ नोव्हेंबर

बाटली नाही. वाटी-चमचा नाही. कोमट नाही, थोडं गरम नाही. चमचा तोंडाशी आला का ओठ असे मिटते का सुईचं टोक आत जाणार नाही. जिद्द माझीच आहे, कोणाले दोष देऊ.

हे म्हणाले, उपाशी ठेव, भूक लागली का झक मारून पिईल. मी त्यांच्यावर अशी ओरडली का संत्र्याचे क्रेट भरणारे मजूर थांबून पाहायले लागले. पाच महिन्यांच्या लेकराले झक मारायची असते का?

ती रडली का माझं दूध आपोआप झरते. ब्लाउज ओलं होते. ह्या अंगाले अक्कलच नाही.

७ नोव्हेंबर

डॉक्टरबाईले फोन लावला. म्हणाली, आईनं पाजू नका, तिला तुमचा वास येतो. दुसऱ्यानं द्यायचं आणि तुम्ही नजरेआड. भुकेनं बेजार व्हायच्या आधीच द्या. तुमचंच दूध काढून त्यात थोडी थोडी पावडर मिसळा, मंग वाढवत न्या.

म्हणजे मी घरात असणंच चूक.

८ नोव्हेंबर

काढलेलं दूध आणि पावडर मिळून वाटीत. यांनी कडेवर घेऊन अंगणात क्रेटांमधून फिरवत फिरवत चमच्यानं दिलं. थोडं गेलं पोटात. मी मागच्या खोलीत कान लावून बसली होती. मंग बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, माल घेऊन जायचं होतं, यांनी चमचा माझ्या हातात दिला. माझा हात दिसला आणि पोरीनं सगळं थुंकलं. दिवसभर पुन्हा तोंड उघडलं ते माझ्यासाठीच.

संत्र्याचा सीझन आहे. ह्यांच्या पिकअपले एक दिवस उसंत नाही. भांडून काय करू. गाडी नाही चालली तं नागपूरच्या खर्चाले पैसे कुठून येणार.

९ नोव्हेंबर, रविवार

गल्लीतल्या बाया आल्या होत्या, ब्लाउज घ्यायले आणि मले पाहायले. प्रत्येकीजवळ एक उपाय. कडुनिंब वाटून लाव. एलव्याचं, म्हणजे कोरफडीच्या कडू रसाचं, बोट लाव. एकीनं तं मिरची सांगितली. मी म्हटलं, तुझ्या तोंडाले लावू का आधी?

कडू लावलं तं ती मले सोडेल. कबूल. पण मले सोडलं म्हणून डबा कायले धरेल? आई जेवू घालेना न् बाप भीक मागू देईना, तशी गत होईल लेकराची.

मी एक ब्लाउज शिवलं आज. मागं हुकांचं. समोरून सगळं बंद. परी मांडीवर येऊन समोर चाचपते, तिले उघडायची जागा सापडत नाही. चांगलं बसलं मापात. आपल्याच लेकीसाठी कुलूप शिवलं मी, आणि शिलाई सरळ आली का नाही हेबी पाहिलं.

११ नोव्हेंबर

पांढुर्ण्याहून ताई आली, मोठी बहीण. तिनं मले घराबाहेरच काढलं. शाळेजवळच्या ओट्यावर बसून राहिली मी, परीचा आवाज इथपर्यंत येते का ऐकत. आला. ताईच्या हातून दोन-चार चमचे गेले, बाकीचे ताईच्या साडीवर.

जामसांवलीच्या मारुतीले आत्याबाईनं नवस बोलला म्हणे. परी डब्याचं प्याली तं पायी येईन. मी म्हटलं, मारुतीले लेकरं पाजायचं काय माहीत? आत्याबाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. खरंच घाबरल्या त्या. मलेबी मंग भीती वाटली, देवाशी कायले वाकडं बोलायचं ह्या दिवसांत.

ताई उद्या जाईल. तिच्या घरी कापूस वेचणी सुरू आहे.

१२ नोव्हेंबर

आत्याबाई सकाळी म्हणाल्या, "तू जाय बाहेर. मी पाहते. पण दार लोटून घेईन, पिताना कोणी पाहायचं नाही."

हे त्यांचं जुनं आहे. खाणाऱ्या-पिणाऱ्या लेकराले नजर लागते. माझं पाजणंबी त्या पदराआडच करू देत, खोलीत कोणी आलं तं त्याले बाहेर काढत. मी म्हटलं, करा काय करायचं ते. डबा दाखवला, चमचा दाखवला, सांगितलं एवढं एवढं घ्या. त्या हो हो म्हणाल्या.

ओट्यावर जाऊन बसली. आवाज नाही. रडणं नाही. मले वाटलं पोरगी गुदमरली. धावत आली तं आत्याबाई दार उघडून वाटी दाखवून राहिल्या होत्या. रिकामी. परी त्यांच्या मांडीवर झोपलेली, ओठाले दुधाची पांढरी रेघ.

मी आत्याबाईच्या पाया पडली. मंग मोरीत जाऊन खूप रडली. खुशीनं, असं सांगितलं सगळ्यांले. खुशी होती, पण अर्धीच. इतक्या लवकर सोडलं का मले?

१४ नोव्हेंबर

दिवसाच्या वाट्या आत्याबाईच पाजतात. दार लोटून. कोणाले जवळ येऊ देत नाहीत. मी सकाळ-संध्याकाळ पाजते, तेवढंच उरलं. हे म्हणाले, पाहा, माझ्या मायच्या हाताले यश आहे. आत्याबाई लाजल्या. चांगल्या दिसतात त्या लाजल्यावर.

पोरीचं अंग जड लागून राहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज संध्याकाळी शेवटचं.

काय लिहू. दिवा लावायच्या आधी घेऊन बसली. मागं हुकांचं काढून जुनं ब्लाउज घातलं, तिच्यासाठी. तिले काय माहीत, ती रोजच्यासारखी पीत होती, मधेच सोडून माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. मी म्हणत होती, पी ना, पी ना बाई, खेळू नको आज. पोट भरलेलं होतं तिचं, आत्याबाईनं दुपारी वाटीभर पाजलं होतं. अर्ध्यातच सोडून झोपली.

मी तिले उठवून पुन्हा लावलं. नाही प्याली.

१७ नोव्हेंबर

सुई लागली. लाल रंगाचं औषध. लघवीबी लाल.

१९ नोव्हेंबर

पडून आहे. पाणीबी ठरत नाही. तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव. परीले माझ्या खोलीत आणत नाहीत, माझ्याजवळ आली तं छातीवर तोंड घासते आणि मंग आभाळ फाटल्यासारखी रडते. छाती दगड झाली आहे. दूध सुकवायची गोळी दिली, पण सुकायले वेळ लागेल म्हणे.

भिंतीपलीकडून ऐकू येते. आत्याबाई सांगत होत्या यांना, पोरीनं शी नाही केली, केली तं बकरीच्या लेंड्यांसारखी. नवीन दूध आहे, होते असं, म्हणाल्या.

मी उठून पाहायले पाहिजे होतं. उठताच नाही आलं.

२० नोव्हेंबर

रडणं वेगळं वाटून राहिलं. बारीक, चिरकं. यांना म्हटलं, पोरीले आणा माझ्याकडं. म्हणाले, आत्ताच झोपली, तू आराम कर. माझं ऐकतच नाही कोणी, आजारी माणूस म्हणजे घरातलं सामान.

२२ नोव्हेंबर, पांढुर्णा

काल लिहिता नाही आलं. सगळं लिहून ठेवते.

काल सकाळी मी उठून भिंत धरत धरत आत्याबाईच्या खोलीत गेली. परी आत्याबाईच्या मांडीवर. अंग तापलेलं, ओठ कोरडे, डोळे अर्धे. लंगोट सुकं. कधीपासून सुकं आहे विचारलं तं आत्याबाई म्हणाल्या, रातच्यापासून. डोक्यावर हात फिरवला तं टाळू आत गेलेली, बोट ठेवलं तं खड्डा.

पिकअपमधून तसंच पांढुर्ण्याले आणलं, ताईच्या ओळखीचा लहान लेकरांचा डॉक्टर आहे तिथं. रस्ताभर तिले हाका मारत आली. ती डोळे उघडायची, मले पाहायची, पुन्हा मिटायची. रडतबी नव्हती. रड ना, असं म्हणत होती मी तिले.

डॉक्टरनं सलाईन लावली, मंग विचारलं, "पाउडर किसमें घोलते हो?"

मी सांगणार होती, पाण्यात. आत्याबाई माझ्या आधी बोलल्या. "दुधात. आमच्या म्हशीच्या. घरी दूध असताना पाण्यात कायले?" इतकं सहज म्हणाल्या. थोड्या ऐटीतच. चमचा सपाट नाही, शीग लावून. आणि वरून खडीसाखर, गोड लागावं म्हणून.

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. मंग हिंदीत समजावलं. इतकं घट्ट दूध एवढ्या लेकराच्या किडनीले झेपत नाही, अंगातलं पाणीच ओढून घेते. अंगावरचं पीत होती तोवर निभलं. ते बंद झालं आणि सगळा भार ह्याच्यावर आला. आत्याबाईले अर्धी हिंदी समजली, पण त्याचं तोंड पाहून पूर्ण समजलं.

मी बाहेर येऊन बोलली. सगळ्या बाकांवरच्या लोकांसमोर.

"तुम्ही माझ्या लेकीले मारून टाकलं असतं."

 आत्याबाई खाली फरशीवर बसल्या, बाकावर जागा होती तरी. हे म्हणाले, वर्षा, बस कर. मी केलं नाही बस. जे तोंडात आलं ते बोलली. लिहीत नाही.

२३ नोव्हेंबर

ताप उतरला. लंगोट ओलं झालं. ओल्या लंगोटासाठी मी देवाचे इतके आभार कधी मानले नव्हते.

पण पीत नाही. नर्स बरोबर मापानं कालवते, परी एक चमचा चाखते आणि तोंड फिरवते. तिले ते गोड, घट्ट पाहिजे. आत्याबाईनं लावलेली चव. नाही तं मी पाहिजे. दोन्ही नाही मिळत. नाकातून नळी घालून दूध सोडून राहिले.

मले खरं म्हणजे दवाखान्यात बसायचीच मनाई आहे. सुई लागल्यावर आजार लवकर धरतो म्हणे. ताईनं मास्क बांधून बसू दिलं.

२४ नोव्हेंबर

दुपारी ताई चहा आणायले गेली, हे औषध आणायले. खोलीत मी आणि परी. मांडीवर घेतलं. नळी लावलेलं तोंड माझ्या ब्लाउजवर इकडून तिकडं, इकडून तिकडं. दूध अजून आहे. ब्लाउज ओलं झालं आणि ती त्या ओल्या कापडाले चोखायले लागली.

माझे हात मागं गेले. वरचे हूक काढले मी. कोण पाहून राहिलं, एकदाच, एवढंच मनात. औषध लागून हप्ता झाला, उतरलं असेल. नसेल उतरलं तं? तिच्या एवढ्याशा किडनीवर आता कुठं…

तिले पलंगावर ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. ती मागं रडत होती. ताई आली तेव्हा तिनं नुसते माझे हूक लावून दिले.

२७ नोव्हेंबर, रामाकोना

काल घरी आलो. नळी काढली. थोडं थोडं घेते चमच्यानं, यांच्या हातून, ताईच्या हातून. पोट भरेल एवढं नाही घेत. डॉक्टर म्हणाला वजन घटलं आहे, लक्ष ठेवा, लघवी कमी झाली का लगेच आणा. ताई पुढच्या हप्त्यापर्यंत राहील.

आत्याबाई परीले हात लावत नाहीत. स्वयंपाक करतात, म्हैस पाहतात. सगळं दूध सकाळीच डेअरीवर घालून येतात, घरात एक गिलास ठेवत नाहीत. आलो तेव्हापासून चहा काळाच आहे. हे गुपचूप प्याले. मीबी प्याली.

दुधानं तोंड पोळलं का ताकबी फुंकून पितात म्हणतात. आत्याबाईनं तं ताकच सोडलं.

३० नोव्हेंबर

केस हातात यायले लागले. वेणी घालता घालता पूर्ण पेडच. ताई रडली. मले केसांचं काही नाही वाटलं, खरंच. पोरीनं सकाळपासून काय घेतलं तेच डोक्यात होतं.

एक गोष्ट पाहिली आज. आत्याबाई ओसरीत कोणाशी बोलत होत्या, म्हशीशीच असेल. परी ताईच्या मांडीवर चमचा थुंकत होती. तो आवाज ऐकला आणि थांबली. मान वळवली. तोंड उघडलं.

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं. नाही जमत मले. त्यांच्या हातात पुन्हा द्यायचं म्हटलं का ती खड्डा पडलेली टाळू बोटाले लागते.

२ डिसेंबर

आठ तारखेले दुसरी सुई. ताईले परवा जावंच लागते. ह्यांना मले घेऊन जायचं आहे. पोरीजवळ कोण?

पांढुर्ण्याले ताईकडं ठेवता आलं असतं, पण ताई शेतात असते दिवसभर. आणि ताईच्या हातून ती पीतबी नाही धड. गोल गोल फिरून गोष्ट आत्याबाईपाशीच येते. मले राग येते, त्यांचा नाही, ह्या गोष्टीचा. मी मेली तं सगळं त्यांच्याच हातात जाणार आहे. मी त्यांना आता शिकवलं नाही तं कोण शिकवेल.

लिहिलं. खोडत नाही.

३ डिसेंबर

गेली आत्याबाईकडं. गोठ्यात शेण काढत होत्या. मी म्हटलं, परीले पाजा. त्या म्हणाल्या, "नाही. माझ्या हातून नको आता."

"तुमच्याच हातून पिते ती."

"आन पुन्हा काही झालं तं? मी त्या दिवशीच मेली असती तं बरं होतं."

मी म्हटलं, मरायची घाई मले आहे का तुम्हाले? एकीनं तं राहावं लागेल घरात. त्यांनी शेणाची टोपली खाली ठेवली. मंग हात धुतले, दोनदा, साबणानं.

चुलीजवळ बसवलं. पाणी उकळलं, गार केलं. गिलासावर मी शिलाईच्या खडूनं रेघ मारली होती, पाणी इथपर्यंत. चमचा भरून सुरीच्या पाठीनं सपाट केला, दाखवला. त्यांना वाचता नाही येत, पण पुरणाचं प्रमाण अख्ख्या गावाले सांगतात त्या. मी म्हटलं, मीठ जास्त झालं तं भाजी जाते ना, तसं समजा. पहिल्यांदा त्यांच्या हातून पावडर सांडली. पुन्हा केलं. पातळ पाण्यासारखं झालं ते, वाटीत पाहून त्यांचं तोंड कसंनुसं झालं. "हे पाजू? लेकराले?" हळूच म्हणाल्या. मी म्हटलं, हेच.

दार त्यांनी लोटलं नाही. मी काही बोलली नव्हती. पदरबी नाही घेतला, माझ्यासमोरच बसल्या.

परीनं पहिला थुंकला. दुसरा थुंकला. आत्याबाई तिच्याशी बोलत राहिल्या, म्हशीशी बोलतात तसंच, आज काय झालं, कोण आलं, कोणाच्या घरी काय शिजलं. तिसरा कुठं गेला समजलं नाही. मंग पाव वाटी गेली. मंग बस.

५ डिसेंबर

अर्धी वाटी. संध्याकाळी त्याहून कमी. लंगोटं ओली होऊन राहिली. वजन अजून तेवढंच आहे, डॉक्टर म्हणाला वाट पाहू. वाट पाहायलेच बसलो आहे बाप्पा.

माझं दूध सुकलं. काल शेवटचं ओलं होतं, आज कोरडं. डावीकडची गाठ लहान झाली का विचारलं यांनी. माहीत नाही. हात लावून पाहत नाही मी.

ताई गेली. जाताना म्हणाली, आत्याबाईशी नीट बोल. नीटच बोलते आहे. गोड नाही बोलता येत अजून.

८ डिसेंबर, सोमवार, नागपूर

नंबर यायचा आहे. बसली आहे तं लिहिते.

सकाळी निघताना परी पीत नव्हती. पहिलीच वाटी, आणि ओठ मिटून. आत्याबाई फिरवत होत्या, बोलत होत्या, ती मान हलवत होती. मी तयार होऊन दारात उभी. मले पाहून रडायले लागली. मी घरात थांबली तं ती पिणार नाही, निघाली तं पिते का नाही हे कळणार नाही. आत्याबाईनं पाठ फिरवली माझ्याकडं, पोरीले माझ्या नजरेआड केलं. "तू जाय ना आता," म्हणाल्या. रागावून. बरं वाटलं त्या रागावल्या म्हणून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

बसमध्ये पूर्ण रस्ता मोबाइल हातात. लावला नाही. हे म्हणाले, वर्षा, लावू का घरी, विचारू का? मी म्हटलं नको. प्याली म्हणाल्या तं ठीक. नाही प्याली म्हणाल्या तं मी सावनेरले उतरून परत जाईन. आणि आज परत गेली तं पुन्हा इथं येणार नाही, मले माहीत आहे माझं.

बोलावलं.

खुर्चीवर बसवलं. सुई लागली. लाल औषध नळीतून यायले लागलं आहे. आता उठता येत नाही मले, तेव्हा मी यांना म्हटलं, लावा आता फोन. इथं आत रेंज नाही. ते बाहेर गेले आहेत.

अजून आले नाहीत.